घळीकडचे पट्टे

१

धारेवरची वाट रंगवणं हे माझं काम. वाट म्हणजे गाड्यांचा रस्ता नव्हे, तो खालून खोऱ्यातून वळसा घालून जातो. ही पायवाट आमच्या गावाच्या पाठीमागून चढते, डोंगराच्या धारेला लागते आणि दोन्हीकडची खोरी बघत बघत पलीकडच्या गावात उतरते. शहरातली माणसं मुद्दाम लांबून येतात ती चालायला. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, तोंडावर आनंद. त्यांना वाट सापडावी म्हणून दगडांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर पिवळे पट्टे असतात. ते मी ओढतो.

मला लिहिता-वाचता येत नाही, पण पट्टा ओढता येतो. आधी तारेच्या ब्रशने दगडावरचं शेवाळ खरवडायचं, फडक्याने पुसायचं, दगड सुकू द्यायचा. घाई केली की रंग पापुद्र्यासारखा निघून येतो. मग एकाच हाताने, न थांबता ओढायचा. मी डावखुरा आहे. माझा पट्टा उजवीकडे जाड सुरू होतो आणि डावीकडे सुटताना त्याला बारीक शेपूट येतं. लेक म्हणते, अण्णांचे पट्टे नव्हेत, उंदीर आहेत उंदीर, दगडादगडावर बसलेले.

आणि एक रीत आहे. दगडाच्या एका अंगाला जाणाऱ्यासाठी पट्टा ओढला की त्याच दगडाच्या दुसऱ्या अंगाला परतणाऱ्यासाठी ओढायचाच. एक अंग रंगवून पुढे सरकायचं नाही. ज्या म्हाताऱ्या गवंड्याने मला हे काम दिलं, तो याबाबतीत फार कडक होता. का, ते त्याने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काय आहे? गेलेल्या माणसाला परत यायचं असतं.

लेक त्याच वाटेवर लोकांना घेऊन जाते. तिचं सासर पलीकडच्या गावात. तिथे जावयाचं विश्रामघर आहे, खाली जेवणाची खोली, वर झोपायच्या. लेक आदल्या दिवशी माझ्याकडे येते, सकाळी मंडळी गोळा करते आणि धारेवरून त्यांना नवऱ्याच्या दारात नेऊन सोडते. माझी बायको गेल्यापासून घरात दुसरं बोलणारं कुणी नाही. म्हणून लेक यायची असली की मला आदल्या दिवसापासूनच बरं वाटायला लागतं.

२

पहिल्यांदा ते एका परिचारिकेकडून कळलं. नोकरीतून मोकळी झालेली, एकटी चालणारी, खमकी बाई. ती उलट्या बाजूने, म्हणजे पलीकडून आमच्याकडे आली होती. माझ्या ओट्यावर बसून बुटातले खडे काढता काढता म्हणाली की वाट छान आहे, पण ते मधलं खालचं गाव मात्र राहून गेलं.

मी विचारलं, कोणतं गाव?

तर म्हणाली, खिंडीच्या पलीकडे नाही का, घळीत उतरणारे पट्टे आहेत ते? खाली छपरं दिसली, धूर दिसला. पाय दुखत होते म्हणून गेले नाही.

मी हसलो. खिंडीपुढच्या घळीत गाव नाही. तिथे उंच गवत आहे आणि कधीकाळी मेंढ्या कोंडायला रचलेली एक दगडी भिंत आहे, तीही अर्धी पडलेली. मी म्हटलं, बाई, धुकं असेल. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती औषध न घेतलेल्या रोग्याकडे पाहत असेल.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं. पट्टे होते.

खिंडीपासून थोडं पुढे एक मोठा बसका दगड आहे. त्याच्यावरून वाट सरळ जाते. त्या दगडाच्या कडेला, खाली बोट दाखवल्यासारखा, एक पिवळा पट्टा. त्याच्याखाली दुसऱ्या दगडावर दुसरा, आणि मग गवतातून डोकावणारा तिसरा. रंग माझ्याच रंगासारखा. शेवाळ नीट खरवडलेलं. उजवीकडे जाड, डावीकडे शेपूट.

मी बराच वेळ तिथे उकिडवा बसून राहिलो. मग दगडांच्या दुसऱ्या अंगाला गेलो. परतीचे पट्टे नव्हते. एकाही दगडावर नव्हते.

३

माणसाचं मन पहिल्यांदा जवळच्या माणसावरच जातं. माझं जावयावर गेलं.

जावई वाईट नाही. पण त्याच्या डोक्यात सारखं काही ना काही नवं चाललेलं असतं. मागे एकदा म्हणाला होता, धारेवर मध्येच कुठेतरी चहाची टपरी टाकली तर लोक थांबतील. मला वाटलं, टाकली असेल टपरी घळीत, मला न विचारता, आणि माझ्या हातासारखा हात मारून लोक तिकडे वळवत असेल. मला राग पट्ट्यांचा आला नाही, शेपटाचा आला. माझं शेपूट त्याने उचललं होतं.

मी तारेच्या ब्रशने ते पट्टे खरवडून काढले. खांदे दुखेपर्यंत. खाली उतरून टपरी पाहावी असं मनात आलं, पण घळीतून वर येणारा वारा थंडगार होता आणि त्याला धुराचा वास होता. ओल्या लाकडाचा धूर. मी स्वतःला सांगितलं, गुडघा दुखतोय, आज नको.

तसाच पुढे पलीकडच्या गावी गेलो. जावई जेवणाच्या खोलीत टेबलं पुसत होता. मी आडून आडून विचारलं. त्याने फडकं खाली ठेवलं, लेकीकडे पाहिलं, आणि मला खुर्ची ओढून दिली. त्या खुर्ची ओढण्यातच मला कळलं की या दोघांचं माझ्याविषयी आधी काही बोलणं झालेलं आहे.

"अण्णा," जावई म्हणाला, "ते पट्टे आम्हीही बघितलेत. आम्हाला वाटलं, तुम्हीच ओढले असतील."

"मी कशाला ओढू?"

"हात तर तुमचाच आहे."

एरवी लेक नवऱ्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही, मध्येच तोडते आणि वर त्यालाच विचारते की मी कुठे मध्ये बोलले. त्या दिवशी ती गप्प बसली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली की अण्णांनी आता थोडं थांबावं, रंगाचा डबा आणि ब्रश इथेच राहू द्यावेत, पुढच्या खेपेला दोघं मिळून रंगवू.

मी डबा ठेवला. काय करणार? मुलगी आईच्या आवाजात बोलायला लागली की बाप ऐकतोच.

४

त्यानंतर मी रोज सकाळी उठल्यावर आधी नखं बघायला लागलो. नखांत रंग आहे का? बुटाला गवताचं कुसळ आहे का? म्हातारपणी माणूस झोपेत उठून जुनी कामं करतो, असं ऐकलं होतं. आमच्या गावचा शिंपी शेवटी शेवटी हवेत सुई ओवायचा. मलाही तसं होत असेल तर? मी दाराला आतून खुर्ची लावून झोपायचो. सकाळी खुर्ची तिथेच असायची, नखं स्वच्छ असायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मग एका उघड्या, ऊन पडलेल्या दिवशी मी पुन्हा खिंडीपुढे गेलो. पट्टे परत आले होते. ओले होते. बोट लावलं तर बोट पिवळं झालं.

माझा डबा जावयाकडे कुलपात होता. म्हणजे मी नव्हे. या विचाराने मला इतकं हलकं वाटलं की मी एकटाच तिथे हसलो. मग डबा ज्याच्याकडे होता त्याचा विचार मनात आला, आणि हसू गेलं.

तेव्हाच खालून आवाज आला. कुणीतरी अंगण झाडत होतं. खराट्याचा आवाज कसा असतो, झाडणारा सरकत जातो तसा आवाजही सरकतो. हा सरकत नव्हता. एकाच जागेवर, एकाच लयीत, खर्र खर्र. मी कान दिला की थांबायचा. मी पाऊल उचललं की पुन्हा सुरू.

मी हाक मारली, "जावईबापू, पुरे झाली गंमत."

आवाज थांबला. मग घळीतून बरीच माणसं एकदम बोलत असल्यासारखी कुजबुज आली, लग्नघराच्या आतल्या खोलीतून येते तशी. शब्द एकही कळला नाही. कुणीतरी त्यांना गप्प केल्यासारखी ती तुटली.

मी घरी आलो. वाटेत माझ्या बोटाचा रंग पुसायचा मी फार प्रयत्न केला.

५

पुढच्या खेपेला लेक आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. परतीच्या पट्ट्यांचंही सांगितलं, कारण माझ्या मते सगळ्यात वाईट तेच होतं. तिने ऐकलं. मग नवऱ्यावर संशय घेतला म्हणून मला चांगलं फैलावर घेतलं. म्हणाली, तो बिचारा सकाळी टेबलं पुसतो, दुपारी चादरी धुतो, त्याला डोंगर चढून तुमची शेपटं काढायला वेळ आहे का? तुम्हीच एक दिवस त्याचं काम करून बघा, म्हणजे कळेल.

मग माझा उतरलेला चेहरा बघून नरमली. खिंडीपुढे मी सगळ्यांना नजरेसमोर ठेवीन, एकालाही घळीकडे बघूसुद्धा देणार नाही, असं तिने कबूल केलं. मला मात्र यायचं नाही म्हणाली. गुडघा बघा आधी.

सकाळी धुकं होतं. मंडळी ओट्यासमोर जमली, हसली, काठ्या आपटल्या आणि निघाली. लेक सगळ्यांच्या पुढे. तिची लाल टोपी धुक्यात विझली तसा मी आत आलो, चूल पेटवली, बसलो. आणि मला बसवेना.

धारेवर फोन लागत नाही. पलीकडे पोचल्यावरच ती फोन करते. तोवर वाट बघायची असते. इतकी वर्षं मी ती शांतपणे बघितली होती. त्या दिवशी सूर्य वर आला तरी धुकं उठेना, आणि मी काठी घेतली.

६

बसक्या दगडापाशी चिखल होता. त्यात बुटांचे ठसे होते, बरेच, ताजे. थोडे सरळ गेले होते. थोडे खाली घळीत.

मी लेकीला हाका मारल्या. धुक्यात हाक लांब जात नाही, आपल्याच तोंडाजवळ घुटमळते. मग मी उतरलो. त्या पट्ट्यांवरून, एकेका उंदरावरून, माझ्याच हातावरून.

भिंतीच्या जागी घर होतं.

लांबट, बसकं, दगडी घर. दार उघडं. अंगण इतकं झाडलेलं की मातीवर एक काडी नाही, आणि झाडणारं कुणी नाही. त्याच्यामागे धुक्यात आणखी छपरं होती, पण मी त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही. मुद्दाम नाही पाहिलं.

आत एक मोठं टेबल, दोन्ही बाजूंना बाकं. टेबलावर कप पालथे घातलेले. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर चालणाऱ्या लोकांचे कोट, निळे, हिरवे, नारिंगी, सगळे ओले, खाली टपटप पाणी गळत होतं. त्या दिवशी पाऊस पडला नव्हता. बाकांखाली बूट होते, ओळीने, चवडे आतल्या बाजूला. मी वाकून पाहिलं. सगळ्या बुटांच्या नाड्या बांधलेल्या होत्या. घट्ट, गाठ मारून. नाड्या न सोडता पाय बाहेर कसा निघतो, हे मी अजून मनाशी जुळवतो आहे.

समोरच्या भिंतीवर, आतल्या दाराशेजारी, पिवळा पट्टा होता. दार किलकिलं होतं. त्यातून पलीकडची खोली दिसत होती. तिथेही तसंच टेबल. तिथल्या भिंतीवरही पट्टा, आणि त्याच्या शेजारी आणखी एक किलकिलं दार. कुजबुज तिकडून येत होती, खूप आतून.

आणि बाकाच्या टोकाला माझी लेक बसली होती. एकटी. हात मांडीवर. डोक्यावर लाल टोपी, पायात बूट.

मी तिच्या नावाने हाक मारली नाही. का कोण जाणे, त्या खोलीत तिचं नाव घेऊ नये असं वाटलं. मी नुसतं म्हटलं, "चल."

ती लगेच उठली.

७

आता बसून विचार केला की मला माझंच नवल वाटतं. जावयावर मी संशय घेतला, स्वतःच्या हातांवर घेतला, झोपेवर घेतला. आणि माझी लेक, जी सांगितलेलं काम तीनदा वाद घालून मग करते, ती एका शब्दावर उठली, याचा मला तेव्हा आनंदच झाला.

मी विचारलं, बाकीची मंडळी? ती म्हणाली, "पोचली सगळी." इतकंच. मी पुढे विचारलं नाही. मला तिला तिथून बाहेर काढायचं होतं, बस.

परतीला पट्टे नव्हते. धुक्यात, गवतात मी चाचपडत होतो. तेव्हा ती पुढे झाली आणि सरळ चढू लागली, जणू रोजचाच उंबरा ओलांडते आहे. कुठे थांबली नाही, तिला धाप लागली नाही. मी मागून म्हटलं, अगं, जरा हळू, बाप म्हातारा आहे. ती थांबली. मी जवळ पोचेपर्यंत माझ्याकडे पाठ करून थांबली. मग पुन्हा चालू लागली.

पलीकडे जायचं सोडून तिने आमच्या गावाची वाट धरली. मला वाटलं, घाबरली असेल, माहेरी यावंसं वाटत असेल. उजेड चांगला होता तेव्हाच आम्ही घरी पोचलो. ती थेट स्वयंपाकघरात गेली. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो आणि गुडघा चोळत, देवाचे म्हणा, नशिबाचे म्हणा, आभार मानले. आत भांडं वाजलं नाही. पाणी वाजलं नाही. दमली असेल, बसली असेल, असं मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला.

८

"अण्णा, कुठे होता तुम्ही? दुपारपासून लावतेय फोन."

माझी लेक होती. मागे ताटं वाजत होती, माणसं हसत होती, जावई कुणाला तरी सांगत होता की ओले मोजे चुलीवर टाकू नका. ती एका दमात बोलत राहिली. की धुक्यामुळे वेळ लागला. की खिंडीपुढे दोघेजण तिचं न ऐकता फोटो काढायला खाली उतरले आणि तिने ओरडून त्यांना परत बोलावलं, चांगलं झापलं. की सगळे सुखरूप आहेत. की मी फोन का उचलला नाही, गुडघा घेऊन कुठे भटकत होतो.

मी नुसतं हं हं करत होतो. स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा हलत नव्हता, पण त्याच्याखाली बुटांचे चवडे दिसत होते. पडद्याला अगदी लागून. ती ऐकत होती.

"अण्णा? बरं वाटत नाहीये का? आवाज का असा येतोय? थांबा, मी येते. हे गाडीने सोडतील, खालच्या रस्त्याने."

तेव्हा मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. आत काय आहे ते नव्हे. ते मला आजही माहीत नाही आणि मी पडदा सारून नीट बघितलेलंही नाही. दिसलं ते इतकंच, की माझ्या पोरीने या घरात पाऊल टाकायचं नाही.

मी आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर चढवला. म्हटलं, यायचं नाही. तुझ्या नवऱ्याने माझा हात चोरला आहे, माझी वाट बिघडवली आहे, आणि तू त्याची बाजू घेतेस. तो माफी मागेपर्यंत या घराचं दार तुम्हा दोघांना बंद. तिकडेच राहा. धारेवरही यायचं नाही.

पलीकडे ताटं वाजायची थांबली. मग ती अगदी हळू म्हणाली, "अण्णा, तुम्ही असं कधी बोलत नाही."

"आता बोलतोय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून तसंच चाललं आहे. लेक फोन करते, मी भांडतो. जावयाने दोनदा माफी मागितली, बिचाऱ्याने न केलेल्या गोष्टीची. मी ती अपुरी ठरवली. गावात म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, पोटच्या पोरीला तोडलं. म्हणोत. लेक आता माझ्यावर रागावली आहे, आणि ती रागावलेली आहे तोवर ती येणार नाही. मी तिचा राग रोज थोडा थोडा पेटता ठेवतो, चूल ठेवावी तसा.

आतली काही त्रास देत नाही. जेवत नाही, झोपत नाही, बूट काढत नाही. दिवसभर पडद्यामागे उभी असते. मी तिच्याशी नीट बोलतो. वाईट बोलून काय मिळणार? ऊन कलायला लागलं की ती मात्र एकदा बोलते. आवाज माझ्या लेकीचाच, पण लेकीपेक्षा फार गोड.

"अण्णा, तिला एकदा बोलवा ना."

मी म्हणतो, "बोलवू. घाई काय आहे?"

आणि पडद्यापासून खुर्ची जरा लांब सरकवून बसतो.